नेपाळच्या नेत्रशिबिरात पाच दिवस

मैत्रिणींनो, ‘परदेशात डोळ्यांच्या ऑपरेशनांना मदत करायला गेले होते’ असं मी सांगते, तेव्हा ऐकणारी आधी माझ्याकडे बघते आणि मग माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या मेथीच्या जुडीकडे. तिचं काही चुकत नाही. मी ना डॉक्टर, ना नर्स. बी.ए. झालेली, सकाळी तीन तास शाळेत मराठी शिकवणारी आणि उरलेला दिवस घरकामात घालवणारी बाई. बरं, परदेश तरी कुठला? तर नेपाळ! तिथं जायला आपल्याला व्हिसा लागत नाही. घड्याळ मात्र पंधरा मिनिटं पुढं करावं लागतं.

झालं असं, की आमच्या गावातले एक नेत्रतज्ज्ञ दरवर्षी दिवाळीनंतर नेपाळच्या डोंगराळ भागातल्या शिबिराला जातात. तिथल्या डॉक्टरांच्या बरोबरीनं मोतीबिंदूची ऑपरेशनं करतात आणि एक पैसाही घेत नाहीत. २०२३ साली त्यांच्या पथकात नावनोंदणी करणाऱ्या बाई ऐनवेळी आजारी पडल्या. डॉक्टरांच्या पत्नी माझ्या ओळखीच्या. त्या म्हणाल्या, “तुमचं अक्षर चांगलं आहे. नेपाळी भाषा देवनागरीतच लिहितात. नावं लिहायला याल का?”

शाळेला दिवाळीची सुट्टी होतीच. आमचे हे म्हणाले, “जाऊन ये. मुलांचं मी बघतो.” सासूबाई म्हणाल्या, “जा गं खुशाल. स्वयंपाकाला मी आहे ना!” त्यांच्या या ‘मी आहे ना’बद्दल पुढं सांगायचंच आहे.

सोनौलीच्या पलीकडं

भाऊबीज उरकली आणि आम्ही सातजण निघालो. प्रवासखर्च ज्याचा त्यानं करायचा, हा पहिला नियम. गोरखपूरची गाडी छठपूजेसाठी गावी निघालेल्या माणसांनी खच्चून भरलेली. गोरखपूरहून बसनं सोनौलीची सीमा, तिथं ओळखपत्र दाखवून पायीच पलीकडं. मग बुटवलपासून घाट सुरू होतो तो थेट तानसेनपर्यंत. तानसेनच्याही पुढं, डोंगराच्या सोंडेवरच्या एका गावातल्या शाळेत आमचं शिबिर होतं.

जाताना मनात एक गर्व होता, तो कबूल करून टाकते. आपण मोठ्या देशातून लहान देशाला मदत करायला चाललोय, असं वाटत होतं. तो गर्व सीमेवरच उतरला. कारण उलट दिशेनंही रांग होती. भैरहवा, लहान अशा सीमेजवळच्या नेपाळी गावांमधल्या नेत्र रुग्णालयांत आपल्या उत्तर प्रदेश-बिहारमधले रुग्ण दरवर्षी हजारोंनी जातात. तिथं उपचार चांगले होतात आणि परवडतात, म्हणून.

हे कसं घडलं, ते ऐकण्यासारखं आहे. १९८१ साली नेपाळमध्ये देशभर पाहणी झाली, तेव्हा हजारातली आठ माणसं दृष्टिहीन असल्याचं आढळलं. त्यातल्या दोन तृतीयांश माणसांची दृष्टी मोतीबिंदूनं गेली होती. म्हणजे ती परत मिळण्यासारखी होती! पण त्या काळी शिबिरांमध्ये डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग काढून टाकायचे आणि सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडाएवढा जाड चष्मा द्यायचे. आपल्याकडेही आजोबा-पणजोबांच्या फोटोत तो चष्मा तुम्ही पाहिला असेल. चष्मा फुटला किंवा हरवला, की माणूस पुन्हा आंधळ्यासारखाच.

डोळ्याच्या आतच नवं भिंग बसवायची युक्ती लंडनच्या डॉ. हॅरोल्ड रिडले यांनी १९४९ साली प्रत्यक्षात आणली. युद्धातल्या काही वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेच्या जागी वापरलेल्या प्लॅस्टिकचे कण रुतले होते, पण डोळ्यांनी ते सोसले, हे त्यांनी हेरलं होतं. पुढं ही भिंगं निघाली, पण एकेका भिंगाची किंमत शंभर डॉलरच्या वर. डोंगरातल्या माणसाला ती कुठून परवडणार?

इथं डॉ. सन्दुक रुइत यांचं नाव येतं. तिबेटच्या सीमेजवळच्या खेड्यात १९५४ साली जन्मलेला हा मुलगा. जवळपास शाळा नाही, म्हणून वडिलांबरोबर कित्येक दिवस चालत दार्जिलिंगला शिकायला गेला. डॉक्टर झाला तो आपल्या लखनौमध्ये आणि नेत्रतज्ज्ञ झाला आपल्या दिल्लीत. १९८५ साली त्यांची फ्रेड हॉलोज या ऑस्ट्रेलियातल्या नेत्रतज्ज्ञांशी गाठ पडली. गरिबाला दुय्यम दर्जाचं ऑपरेशन का म्हणून, असा दोघांचाही सवाल. १९९४ साली काठमांडूला तिलगंगा नेत्र केंद्र उभं राहिलं आणि भिंगांचा कारखानाही निघाला. भिंगाची किंमत चार-पाच डॉलरवर आली. तमिळनाडूत मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयानंही १९९२ पासून अशीच स्वस्त भिंगं बनवायला घेतली होती. डॉ. रुइत यांना २००६ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि २०१८ साली आपल्या सरकारनं त्यांना पद्मश्री दिली.

माझं काम आणि माझी चूक

शाळेचा एक वर्ग ऑपरेशनचा, एक तपासणीचा, एक झोपायचा. वर्ग धुऊन पुसून, खिडक्यांना जाळ्या लावून तयार केला होता. औजारं वाफेवर निर्जंतुक करायचं यंत्र म्हणजे भला मोठा कुकरच! वीज गेली तर जनरेटर. ऑपरेशनची दोन टेबलं शेजारी-शेजारी. एकावर ऑपरेशन चालू असतं, तेव्हा दुसऱ्यावरच्या रुग्णाची तयारी होते. डॉक्टर फक्त हातमोजे बदलून या टेबलावरून त्या टेबलाकडं वळतात. डोळ्याच्या पांढऱ्या भागात जेमतेम सहा मिलिमीटरची चीर, तीही अशी तिरपी की आपोआप मिटते, टाका लागत नाही. सरावलेल्या हातांना दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

डॉक्टर आणि नर्स सोडून इतर कुणी रुग्णाच्या डोळ्याला हात लावायचा नाही, थेंबसुद्धा घालायचे नाहीत, हा दुसरा नियम. माझ्यासारखीनं करायचं ते असं: नाव, वय, गाव लिहायचं. कोणता डोळा ते लिहायचं. ज्या डोळ्याचं ऑपरेशन, त्याच्या वर कपाळावर नावाची चिकटपट्टी लावायची. रक्तदाब, साखर मोजायला रांगेत बसवायचं. नवं भिंग किती नंबरचं लागेल त्याचं माप झालं, की तो आकडा कागदावर चढवायचा. ऑपरेशनच्या वर्गापर्यंत हात धरून न्यायचं.

सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पहिल्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला, दीडशेच्या आसपास नावं लिहून झाल्यावर, एका म्हाताऱ्या बाईंनी सांगितलं, “दायाँ.” नेपाळीत दायाँ म्हणजे उजवा आणि बायाँ म्हणजे डावा, अगदी हिंदीसारखंच. मला ते पक्कं ठाऊक होतं. पण थकलेल्या मराठी हातानं ‘दायाँ’ ऐकून ‘डावा’ लिहिलं आणि पट्टीही डाव्या भुवईवर लावली!

तिथल्या नेपाळी नर्सनं बॅटरीनं दोन्ही डोळे बघितले, कागद बघितला, बाईंना पुन्हा विचारलं आणि पट्टी काढून उजवीकडं लावली. तिला हिंदी छान येत होतं. रागावली नाही. म्हणाली, “दीदी, इसीलिए तो हम तीन बार पूछते हैं।” त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी नुसतं विचारायची नाही. “कुन आँखा?” म्हणायची आणि त्यांचाच हात त्यांच्या डोळ्याला लावायला सांगायची. चांगलं मन असलं म्हणजे काम चांगलं होतं, असं नाही, हे तिथं शिकले.

पेन थांबलं तो क्षण

तिसऱ्या दिवशी एक आजी आल्या. नातवाच्या पाठीवरच्या डोकोत, म्हणजे बांबूच्या टोपलीत बसून. बरोबर सून. दोन्ही डोळे पांढरे झालेले. तिथं वयस्कर बाईला ‘आमा’ म्हणतात. नर्सनं विचारलं, “आमांना कधीपासून दिसत नाही?” सूनबाई म्हणाली, नक्की नाही सांगता येणार. मध्यंतरी तर डोळे सुधारलेच होते. जवळचं बघायचा चष्मा ठेवून दिला होता आणि बिनचष्म्यानं सुईत दोरा ओवत होत्या.

नर्सनं मान हलवली आणि मला समजावून सांगितलं, “असं पुष्कळजणींचं होतं. मोतीबिंदू वाढताना काही दिवस जवळचं चांगलं दिसतं. लोकांना वाटतं, नजर परत आली. ती परत आलेली नसते, ती जायला निघालेली असते.”

आणि माझं पेन थांबलं.

कारण मैत्रिणींनो, त्याच वर्षी गुढीपाडव्याला आमच्या सासूबाईंनी वाचायचा चष्मा काढून ठेवला होता. “माझा चष्मा सुटला,” म्हणाल्या. आम्ही कौतुक केलं, मुलांनी टाळ्या वाजवल्या! त्यानंतर हळूहळू तांदळात खडे यायला लागले. भाजीत मीठ दोनदा पडायला लागलं. संध्याकाळचं देवळात जाणं त्यांनी बंद केलं, समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे डोळ्यांवर येतात म्हणून. आणि मी काय केलं? “आई, जरा बघून निवडा ना,” असं एकदा नाही, चारदा बोलले. जरा ठसक्यातच बोलले.

ज्यांना बघून निवडा म्हटलं, त्याच त्या क्षणी माझ्या मुलांचा स्वयंपाक गॅसवर अंदाजानं करत होत्या.

मोबाईलला शाळेमागच्या टेकडीवरच रेंज यायची. संध्याकाळी धापा टाकत वर गेले आणि फोन लावला. “आई, भिंतीवरच्या कॅलेंडरवर आज काय तारीख दिसतेय?” पलीकडं क्षणभर शांतता. मग, “तारखेशी काय काम गं तुझं? वेळेवर जेवतेस ना?” मी ह्यांना फोन द्यायला सांगितलं आणि म्हटलं, “उद्यापासून गॅस तुम्ही पेटवा. का ते आल्यावर सांगते.”

त्या रात्री जेवणाच्या पंगतीत मी डॉक्टरांना विचारलं, बायका इतक्या उशिरा का येतात? जगातल्या दृष्टिहीनांमध्ये निम्म्याहून जास्त बायका आहेत, हे त्यांच्याकडूनच कळलं. पुरुषाला दिसेनासं झालं, की बाहेरचं काम अडतं आणि ते घराला लगेच जाणवतं. बाईला दिसेनासं झालं, तरी चूल अडत नाही. डबे कुठं, मीठ कुठं, हे हातांना पाठ असतं. तिला दवाखान्यात न्यायचं तर सोबत हवी, पैसे हवेत आणि मागचं घर कुणीतरी बघायला हवं. आणि ती स्वतःच म्हणते, “आता मला बघून काय करायचंय?” नेपाळी आमा हे नेपाळीत म्हणते आणि आपली आई मराठीत. वाक्य तेच.

मग तिथं बायका आल्या कशा? त्यांना आणलं ते तिथल्या महिला स्वास्थ्य स्वयंसेविकांनी. १९८८ सालापासून नेपाळमध्ये हे काम सुरू आहे आणि आज अशा पन्नास हजारांवर स्वयंसेविका आहेत. आपल्या आशाताईंसारख्याच. भात काढून झाला, की वस्तीवस्तीत फिरून त्या कोपऱ्यात बसलेली आमा हुडकतात, घरच्यांची समजूत घालतात आणि तिला चालवत आणतात. खऱ्या स्वयंसेविका त्याच. मी पाच दिवसांची पाहुणी.

पट्टी सुटते तेव्हा

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या मैदानात सगळ्यांना ओळीनं उन्हात बसवायचे. नर्स पट्टी सोडायची, डोळा हलकेच पुसायची आणि विचारायची, “कति औंला?” किती बोटं? कुणी हसायचं, कुणी देवाला हात जोडायचं, कुणी गप्पच बसायचं.

टोपलीतून आलेल्या आमांची पट्टी सुटली, तेव्हा मी मुद्दाम जवळ जाऊन उभी राहिले. बोटं त्यांनी बरोबर मोजली. मग मान वळवून सुनेकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. काहीतरी बोलल्या. सूनबाई पदरात तोंड लपवून रडायला लागली. मी नर्सला विचारलं, काय म्हणाल्या? तिनं सांगितलं, “म्हणाल्या, तू किती वाळलीस गं!”

सगळ्यांचंच असं होत नाही, हेही सांगायला हवं. काहींच्या डोळ्यांत मोतीबिंदूबरोबर काचबिंदू होता, काहींचा पडदा आतून खराब होता. त्यांना ऑपरेशनचा उपयोग नव्हता. एक आजोबा पंचवीस-तीस मैलांवरून आले होते. त्यांना ‘नाही’ सांगताना डॉक्टर बाकावर त्यांच्या शेजारी जाऊन बसले. पुष्कळ वेळ बसले.

शेवटच्या रात्री ढिंडो आणि गुंद्रुकचं जेवण झालं. ढिंडो म्हणजे नाचणीच्या उकडीच्या कुळीतला, आणि गुंद्रुक म्हणजे आंबवून वाळवलेल्या पालेभाजीचं आंबट कालवण, जिभेला फार छान! तेव्हा मी डॉक्टरांना मनातलं विचारलं, “माझ्या तिकिटाचे पैसे नुसते पाठवले असते, तर आणखी काही ऑपरेशनं झाली नसती का?” ते म्हणाले, “झाली असती. पण माणसं बघून गेलेली बाई परत जाऊन गप्प बसत नाही. तो हिशेब तुम्ही घरी गेल्यावर मांडा.”

घरच्या घरी बघा

तोच हिशेब आज तुमच्यापुढं मांडतेय. घरात पन्नाशी ओलांडलेलं माणूस असेल, त्यातून बाई असेल, तर एवढं बघा. एक डोळा तळव्यानं झाकून दुसऱ्यानं कॅलेंडर वाचायला सांगा, मग उलट. दिव्याभोवती वलयं दिसतात का? रात्री समोरच्या उजेडानं डोळे दिपतात का? रंग मळकट, पिवळट दिसतात का? चष्म्याचा नंबर भराभर बदलतोय का? आणि ‘चष्मा सुटला’ असं कुणी म्हणालं, तर पेढे वाटण्याआधी नेत्रतज्ज्ञांकडं न्या.

मोतीबिंदू थेंबांनी विरघळत नाही. मध, दूध, एरंडेल असलं काहीही डोळ्यात घालू नका. ‘पिकू दे, मग काढू’ ही जुनी समजूत सोडा. रोजच्या कामात अडथळा येऊ लागला, की डॉक्टरांच्या सल्ल्यानं ऑपरेशन करावं. फार थांबलं तर काचबिंदू होऊन नजर कायमची जाऊ शकते. ऑपरेशननंतर डॉक्टर सांगतील तितके आठवडे थेंब घड्याळ लावून घाला, डोळा चोळू देऊ नका, सांगतील तोवर डोळ्यात पाणी आणि धूर जाऊ देऊ नका. डोळा दुखला, लाल झाला किंवा अचानक कमी दिसू लागलं, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. आपल्याकडे अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि सरकारी रुग्णालयांत ही ऑपरेशनं मोफत होतात.

आणि ज्यांना माझ्यासारखं बाहेर जायचं असेल, त्यांनी जरूर जावं. पण आधी चौकशी करावी. ते पथक तिथल्या डॉक्टरांबरोबर काम करतं का? पथक परतल्यावर रुग्णांना कोण बघणार, हे ठरलेलं आहे का? पट्टी सुटतानाचा फोटो काढायचा, तर आधी त्या माणसाला विचारतात का? या तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तरच जा. नाहीतर आपल्या तालुक्याच्या शिबिरात नावं लिहायला बसा. तिथंही चांगलं अक्षर लागतं.

आमच्या सासूबाई ‘नको गं, कशाला खर्च’ म्हणत महिनाभर अडून बसल्या. शेवटी मी म्हटलं, “आई, चार वेळा तुम्हाला बोलले, त्याची माफी मागते. आता तुम्ही माझ्यासाठी चला.” तेव्हा निघाल्या. जानेवारीत एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, होळीनंतर दुसऱ्याचं.

पहिली पट्टी सुटल्यावर घरी आलो. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मला वाटलं, आता डोळे भरून येणार. तर म्हणाल्या, “अगं, शेगडीमागच्या फरशीवर हे तेलाचे डाग किती दिवसांचे?”

मी फडकं आणि सोडा घेतला आणि घासायला लागले. बसल्या जागेवरून त्या दाखवत होत्या, “तिथं राहिलाय बघ अजून एक.”